हिरकणीची तिसरी कड

३ जून

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ नेहमीप्रमाणे थोडे व्याख्यान. निवृत्त शिक्षिकेचा फळा काढून घेता येतो, खोड नाही.

काल मी हिऱ्यांच्या इतिहासाचे संग्रहालय पाहून आले. पहिल्या दालनात काचेखाली नदीकाठची वाळू आणि खडे पसरून ठेवले आहेत आणि पाटीवर लिहिले आहे, ‘यात एक हिरा आहे, ओळखा.’ मी जन्मभर विज्ञान शिकवले, तरी तीन वेळा गारगोटीवरच बोट ठेवले. शेजारच्या एका गृहस्थांनी सहानुभूतीने खोकून दाखवले. हिऱ्यापोटी गारगोटी ही म्हण मी मुलांना हजारदा ऐकवली असेल. गारगोट्यांच्या पोटातून हिरा शोधणे किती अवघड आहे, ते काल समजले. न घासलेला हिरा मुळी चमकतच नाही रे. साबणाचा तुकडा ओला होऊन वाळावा, तसा मंद दिसतो.

पुढच्या दालनात जुने तराजू आहेत. एका झाडाच्या बिया वजन म्हणून वापरत. कॅरट हा शब्द त्या बियांच्या नावावरून आला. त्यानंतर पैलूंचे दालन. कितीतरी शतके माणसाला हिऱ्याचा आकार बदलताच येत नव्हता, कारण त्याला घासेल असे दुसरे काही नव्हतेच. मग कुणाला तरी सुचले की हिऱ्याची भुकटी करून तिनेच हिरा घासावा. काट्याने काटा काढण्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तिथे एक कळ आहे. ती दाबली की विजेचा दिवा विझतो आणि मेणबत्तीसारखा हलणारा प्रकाश पडतो. विजेच्या उजेडात मठ्ठ दिसणारे जुने हिरे त्या उजेडात अचानक जागे होतात. ते घडवणाऱ्यांपाशी ज्योतीचाच उजेड होता, म्हणून पैलूही ज्योतीसाठीच पाडलेले. मी ती कळ इतक्यांदा दाबली की रखवालदार म्हणाला, ‘बाई, मागे रांग आहे.’

मला सर्वांत आवडला तो माणसाएवढा उंच नमुना. जमिनीतून निघालेला हिरा पुष्कळदा ज्या आकाराचा असतो, तो आकार: दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून चिकटवावेत तसा. आठ बाजू, बारा कडा. मी त्याला प्रदक्षिणाच घातली म्हण ना.

शेवटचे दालन कामकरी हिऱ्यांचे आहे, अंगठीत न बसता राबलेल्यांचे. खडक फोडणारे, तार ओढणारे, ग्रामोफोनच्या सुईतले. आणि तिथे एक पेटी रिकामी आहे. आत नुसते कार्ड: ‘काच कापण्याची हिरकणी.’ संग्रहपाल बाई म्हणाल्या, ‘नवी कोरी मिळते, पण आम्हाला वापरलेली हवी आहे.’ माझ्या तोंडून निघून गेले, ‘आमच्या घरी आहे. वडिलांनी वापरली, आता भाऊ वापरतो.’

तुझ्या उजव्या हातावरून वारे गेले त्याला आता वर्ष होत आले. मागच्या पत्रात तू लेकीकडून, भिंगरीकडून, लिहवून घेतलेस की काचेच्या दुकानाला कुलूप लावायचे ठरते आहे. तसे असेल तर बाबांची हिरकणी खणात पडून राहण्यापेक्षा इथे सन्मानाने राहील. कार्डावरचा मजकूर मी लिहीन. लवकर कळव.

तुझी ताई

१२ जून

ती. ताईस,

डाव्या हाताचा नमस्कार. हे कोंबडीचे पाय कुणाचे, असं म्हणशील. माझेच. डावखुऱ्या लेकीनं मला डाव्या हाताची बाराखडी शिकवली. ‘बाबा, कागद तिरका धरा, तुमचं डोकं आहेच तिरकं,’ असं म्हणून शिकवते. पट्टी मारायची तेवढी बाकी ठेवली आहे.

संग्रहालय आवडलं हे छान झालं. पण ताई, मी अजून हयात आहे आणि तू माझ्या हत्याराला पेटीत बसवूनही आलीस! तेसुद्धा काचेच्या पेटीत. मांजराला उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवावं तसं. तुझ्या संग्रहपाल बाईंना सांग, ग्रामोफोनच्या सुईशेजारी आमची हिरकणी बसणार नाही. तिला सूर कळतो, म्हणून ती काय गाणं ऐकवायला ठेवलेली नाही.

कुलपाची गोष्ट मी अर्धीच लिहवली होती, कारण लिहिणारी समोर बसली होती. आता पूर्ण सांगतो. दुकान भिंगरी चालवेल असं माझ्या मनात होतं. चौकटीत काच पक्की करायची लांबी तिच्याइतकी गुळगुळीत मीही भरत नाही. चौकटीचं माप एकदा घेते आणि बरोबर घेते. पोलादी चाकाच्या कटरनं काचही सरळ कापते. पण आपल्या घरात काचवाला कोण, तर ज्याच्या हातात बाबांची हिरकणी चालते तो. हे मी तिला कधी शिकवलं नाही, तिनं ते आपोआप घेतलं. लहानपणापासून माझ्या खिशाकडे बघत वाढली आहे ती.

मी तिला हिरकणी दिली. टेबलावर बनात, ते जाड लोकरी कापड, अंथरली, काच ठेवली, पट्टी धरली. तिनं डाव्या हातानं रेघ ओढली. करकर आवाज, पांढरी शुभ्र रेघ, वर काचेचा भुसा. बाबांचं वाक्य तुला आठवत असेल: दिसतो तो ओरखडा, दिसत नाही ती रेघ. तिची प्रत्येक रेघ दिसत होती. पोर दोन महिने झटली. उजव्या हातानंही करून बघितलं, तर पट्टीच सुटली. शेवटी हिरकणी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ‘हिला मी पसंत नाही, बाबा. आजोबांची हिरकणी मला मानत नाही, मग मी कसली काचवाली? लावा कुलूप.’

हिरकणी एकाच हाताची असते. कुणाला उसनीसुद्धा द्यायची नाही, परक्या हातात तिची चाल मोडते, हे बाबांनीच सांगितलेलं. महिनाअखेर जागा सोडतो असं मालकाला कळवलं आहे.

माझ्या वेळी असं झालं नव्हतं. तू तेव्हा वसतिगृहात होतीस. बाबांनी मला दुकानात बोलावलं. हिरकणीचं पितळ घासून असं लखलखीत केलं होतं की मला वाटलं नवीनच आणली. म्हणाले, ‘धर.’ मी पहिली रेघ ओढली आणि ती गायली, ताई. रेशमी कापड फाडल्यासारखा बारीक, सलग आवाज. रेघ दिसलीच नाही. टिचकी मारली आणि काच लोण्यासारखी दुभंगली. बाबा म्हणाले, ‘हिनं तुला मानलं.’ त्या दिवसानंतर त्यांनी तिला हात लावला नाही, शेवटपर्यंत.

तेव्हा पेटी रिकामीच राहू दे.

तुझा धाकटा

२० जून

प्रिय धाकट्या,

तुझे कोंबडीचे पाय मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा वरमले. पेटी पाहिली आणि तुझा खिसा विसरले. तू मला मांजर-उंदरावर सोडून दिलेस, ही तुझी भलाई.

आता मात्र शांतपणे ऐक, कारण तुझ्याच पत्रात एक गोष्ट अशी आहे की मला दोन दिवस तिने जेवू दिले नाही. मी वर्गात सांगत असे, दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नसतील, तर त्यांतले जे आपल्याला अधिक आवडते ते आधी तपासावे. तू लिहितोस की हिरकणी एकाच हाताची असते. तूच लिहितोस की बाबांनी आयुष्यभर वापरलेली हिरकणी तुझ्या हातात पहिल्याच रेघेला गायली. धाकट्या, ती जर बाबांच्या हाताची होती, तर तुझ्या हाताला लागली कशी? तुझे आवडते विधान कोणते, ते मला माहीत आहे. ‘हिनं तुला मानलं.’

मी पुन्हा संग्रहालयात गेले. त्या मोठ्या नमुन्याभोवती फिरले आणि बारा कडा बोटाने मोजल्या. मग तिथल्या जडावकाम दाखवणाऱ्या गृहस्थांपाशी जाऊन बसले. खडे कोंदणात बसवण्यात त्यांचे केस पिकले आहेत. माझ्या प्रश्नांनी ते आधी गांगरले, मग रंगले. त्यांच्याकडून समजले ते असे.

काच कापते ती हिऱ्याची टोकदार चोच नव्हे, तर एक नैसर्गिक कड. चोचीने ओरखडा पडतो, कडेने चीर पडते. तुझे न दिसणे आणि दिसणे ते हेच. प्रत्येक माणूस हत्यार थोड्या वेगळ्या कलाने धरतो आणि वर्षानुवर्षे ती कड त्याच कलाने अगदी किंचित झिजते. म्हणजे ‘एका हाताची’ हे खरे आहे, पण ते एका कडेपुरते. भिंगरीची अडचण तर दुहेरी. पट्टी उजवीकडे ठेवून ती डाव्या हाताने ओढते तेव्हा तुझी कड उलट्या बाजूने चालते. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवावा, तसे. मांजर ओरबाडणारच. यात मांजराला कोण पसंत आहे, हा प्रश्नच नाही.

आणि उरलेल्या कडा? खडा पितळी टोकात ज्या डाखाने पक्का केला आहे, त्यात त्या बुडालेल्या आहेत, कोऱ्या. कथलाचा डाख तापवून मऊ करायचा, खडा उचलून फिरवायचा आणि नवी कड नव्या हाताच्या कलाने बसवायची. हे काम ते करून देतील.

दोन गोष्टी मात्र लपवणार नाही. खड्यात डोळ्यांना न दिसणारी भेग असेल तर तो तापवताना फुटू शकतो. तो धोका थोडा आहे, पण आहे. दुसरी गोष्ट मला लिहायला जड जाते. कड बदलली की हिरकणी तुझी राहणार नाही. उद्या तुझा उजवा हात पूर्ण बरा झाला, तरी ती तुझ्यासाठी पुन्हा गाणार नाही. तो निर्णय तुझा. मी यावेळी कुणालाही काही कबूल केलेले नाही.

आणखी एक, जे फार पूर्वी लिहायला हवे होते. माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेतली प्रत्येक काच तू कापलेली होतीस. सूक्ष्मदर्शकाच्या पट्ट्या, प्रकाशाच्या प्रयोगाचे ठोकळे, त्या पाण्याच्या चपट्या टाक्या. गवतात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवायचास, आणि वर चिठ्ठी: ‘ताई, कडा घासल्या आहेत, पोरांचे हात कापणार नाहीत.’ कितीतरी मुलांनी कांद्याची पेशी पहिल्यांदा तुझ्या काचेतून पाहिली. एकाही मुलाचा हात कापला नाही. मी पोच देत राहिले, आभार मानायचे राहून गेले. आज मानते.

तुझी ताई

२६ जून

ती. ताईस,

डाव्या हाताचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून हिरकणी उजव्या हातात धरून बघितली. बोटं मिटली नाहीत. डाव्या हातानं मिटवली, तर डावा काढल्याबरोबर उघडली. डॉक्टर म्हणतात, सराव करा. करतोच आहे. पण हाताची वाट बघत मी बसेन, पोरीनं का बसावं?

पुड्यात हिरकणी आहे. कापसात, मग डबीत, मग गवतात. शेजारी भिंगरीच्या ओरखड्यांचा काचेचा एक तुकडा आहे, तिचा हात कसा कलतो ते कळायला. खिसा हलका लागतो. सारखा चाचपतो.

भिंगरीला खरं सांगितलं नाही. खडा फुटला तर तिची दोनदा निराशा नको. संग्रहालयाला दिली, असं म्हटलं. ती कटरच्या चाकाला तेल घालत बसली.

मालकाकडून आणखी एक महिना मागून घेतला. ‘कशासाठी?’ म्हणाला. म्हटलं, ‘मांजर वळवून घेतोय.’ तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू वाऱ्यानं हाताबरोबर डोकंही नेलं असावं.

आभार वगैरे काय, ताई. काच कापणं हे माझं कामच. पण ते पत्र मी खणात ठेवलं नाही. हिरकणीच्या खिशात ठेवलं आहे.

तुझा धाकटा

७ जुलै

प्रिय धाकट्या,

खडा शाबूत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिले, म्हणजे तू उरलेले श्वास घेऊन वाचशील.

आता जे सांगते, ते जसे घडले त्याच क्रमाने सांगते, कारण मला स्वतःलाही ते क्रमानेच पेलले. जडाववाल्यांनी टोक तापवले. डाख चांदीच्या थेंबासारखा हलला. त्यांनी चिमट्याने खडा उचलला, निववला आणि भिंगाखाली धरला. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘बाई, तुम्ही म्हणाला होता की ही कधी फिरवलेली नाही.’ मी म्हटले, ‘नाहीच.’ त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवले.

धाकट्या, दोन कडा झिजलेल्या होत्या.

एक वर होती, तुझी. तिच्यावर झिजेचा बारीक, गुळगुळीत पट्टा होता, एका बाजूला कललेला. दुसरी डाखाच्या आत, पार खाली होती. तिच्यावरही तसाच पट्टा, पण कल निराळा, जास्त उभा. बाबा मनगट कसे ताठ धरत, ते तुला आठवत असेल. आपण त्यांना ‘शिपाई उभा राहिला’ म्हणायचो. तो शिपाई त्या कडेवर अजून उभा आहे.

तुला हिरकणी देण्याआधी बाबांनी ती फिरवून आणली होती. कुठे, कुणाकडून, आपल्याला कधीच कळणार नाही. पण एवढे नक्की, की तू रेघ कशी ओढतोस, हात किती कलतो, हे त्यांनी तुझ्या नकळत न्याहाळले आणि तुझ्या हाताच्या कलाने नवी कड बसवून घेतली. मग तुला म्हणाले, ‘हिनं तुला मानलं.’ तू लिहिले आहेस की त्यानंतर त्यांनी तिला हात लावला नाही. कसा लावणार? ती आता त्यांच्या हातात करकरली असती, आणि तुला समजले असते.

मी तिथल्या बाकावर बसून राहिले. संग्रहपाल बाईंनी पाणी आणून दिले आणि विचारले, ‘काही वाईट बातमी का?’ मी म्हटले, ‘नाही हो. फार जुनी चांगली बातमी आहे, पोहोचायला वेळ लागला.’

जडाववाल्यांनी तिसरी कड बसवली आहे, डाव्या हातासाठी. भिंगरीचा कल किती, ते तिच्या जुन्या रेघांवरून काढले; तू पुड्यात काचेचा तो तुकडा गुंडाळून पाठवलास म्हणूनच जमले. त्यांनी मजुरी घ्यायचे नाकारले. म्हणाले, ‘दोन हात एका खड्यात पाहायला मिळाले, आता तिसरा बसवतो आहे. आणखी काय घ्यायचे?’

पुडा सोबत आहे. भिंगरीला काय सांगायचे, ते तू ठरव.

तुझी ताई

१६ जुलै

ती. ताईस,

डाव्या हाताचा नमस्कार, आणि उजव्याचा जमेल तेवढा.

तुझं पत्र वाचून पुडा दोन दिवस फोडला नाही. बाबा डोळ्यांसमोरून हलेनात. इतकी वर्षं मी समजत होतो की हात माझा होता. गिऱ्हाइकांना सांगायचो, ‘पहिल्या रेघेलाच लागली मला!’ बाबा शेजारी बसून लांबी मळत असायचे. एकदाही म्हणाले नाहीत की बाबा रे, जरा बेतानं.

तिसऱ्या दिवशी भिंगरीला दुकानात बोलावलं. बनात अंथरली, काच ठेवली आणि हिरकणी पुढे केली. ती बघतच राहिली.

‘ही तर संग्रहालयात गेली होती ना?’

‘परत आली. म्हणाले, ही अजून कामाची आहे, आम्हाला निवृत्त झालेली हवी.’

‘बाबा, पुन्हा नको. मला नाही बघवत तो भुसा.’

‘एकच रेघ. मग कुलूप तुझ्या हातानं लाव.’

तिनं पट्टी धरली. श्वास सोडला. आणि ताई, ती गायली. तोच आवाज. भिंगरीचा हात काचेच्या टोकापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. काचेवर काहीच दिसत नव्हतं. तिला वाटलं, कापलंच नाही. मी म्हटलं, ‘टिचकी मार.’ तिनं मारली. काच दुभंगली, दोन्ही तुकडे पट्टीसारखे सरळ. पोरगी एकदा या तुकड्याकडे बघे, एकदा त्या.

मी म्हटलं, ‘हिनं तुला मानलं.’

माझा आवाज बरोबर लागला नाही. बाबांचा लागला होता. ते माझ्यापेक्षा मुरलेले.

ती हिरकणी उजेडात धरून फिरवत राहिली. म्हणाली, ‘पितळ एवढं चकचकीत कसं हो?’

म्हटलं, ‘घासलं.’

‘एका हातानं?’

म्हटलं, ‘चौकटीवाला खोळंबलाय, तोंड चालवू नकोस, काच काप.’ तिनं कापली. त्या दिवशी तिनं शिल्लक होत्या तेवढ्या सगळ्या काचा कापल्या असत्या, मीच आवरलं. मालकाला निरोप धाडला की जागा सोडत नाही. त्यानं उलट विचारलं, ‘मांजर वळलं का?’

ताई, मलाही बाबांनी त्या दिवशी लखलखीत पितळ दिलं होतं. मी समजलो, माझ्यासाठी घासून ठेवलं. डाख तापवताना ते आगीत काळवंडलं, म्हणून घासलेलं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. भिंगरीसारखं विचारायचं सुचलं असतं, तर त्यांचे आभार त्यांच्या तोंडावर मानता आले असते. कदाचित तेच त्यांना नको होतं. मला आता नको आहेत, त्यावरून म्हणतो. तेव्हा तिला यातलं काही कळू देऊ नकोस. आपल्या दोघांत राहू दे.

तुझ्या रिकाम्या पेटीसाठी एक काच पाठवतो. तिच्यावर भिंगरीचे दोन महिन्यांचे ओरखडे आहेत आणि एक बाजू परवा नव्यानं कापलेली आहे. कार्डावर बाबांचं वाक्य लिही. लोकांना रेघ शोधू दे, तुझ्या गारगोट्यांसारखी. पावसाळा संपला की आम्ही दोघं बघायला येऊ. ती मेणबत्तीची कळ मला दाबायची आहे.

पाकीट एका हातानं चिकटत नाही, ते भिंगरी चिकटवेल.

तुझा धाकटा

(पाकिटाच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने)

आत्या, पत्र वाचलेलं नाही, शपथ. पण लांबी आणि डाख यांत वाढले मी, नवा डाख ओळखता येतो मला. ज्यांनी बसवला त्यांना माझा नमस्कार सांग, आणि तू तर काय, समोर आलीस की मिठीच मारणार आहे. बाबांना मात्र बोलू नकोस की मला समजलंय. ते फार खुशीत आहेत.

भिंगरी